चिमट्याची सोयरीक

आमचा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, कोणाचीही सायकल दिसली की पुढून उचलायचा आणि जरा कलती करायचा. हात न लावता हँडल वळलं तर ठीक. अडकलं तर मालकाची खैर नाही. "अवो, ही सायकल हाय का रेडा?" आमच्या भोंगवली गावातल्या चारचौघांत हा असं विचारायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

साठ-सत्तरच्या त्या काळात आमच्याकडे सातवी झाली की मुलीची शाळा संपायची. मला मात्र किकवीच्या हायस्कुलात जायचंच होतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, बजावलं, "शाळा उघडायच्या आत सायकल आली तर जा. न्हाईतर यंदा स्थळं बघतो." नवी सायकल कुठली परवडायला! मामानं एका मोडक्या सायकलीची फ्रेम आणली आणि दुसरीचा चिमटा, ज्यात पुढचं चाक बसतं तो. दोन्ही धडके, पण एकमेकांशी पटेना. हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगच्या वाट्या आणि त्यांतले छर्रे दोघांनाही मानवतील असे मिळेनात. कधी वाटी फ्रेममध्ये खुळखुळायची, कधी छर्रे मोठे होऊन हँडल जाम.

मग काय, चिमटा खांद्यावर टाकून स्वारी एसटीनं हिंडायला लागली. कंडक्टर विचारायचा, "मामा, तिरशुळाचा एक दात कुठं पडला?" आई तर हसून बेजार. "चिमट्याला स्थळं बघतोस, सोताला कवा बघनार रं?" तो गंभीरपणे म्हणायचा, "आदी ह्याचं उरकू दे, आक्का."

भोरला एक मिस्त्री म्हणाला, "पत्रा घालून ठोकून बसवतो, चालतंय." मामा उसळला. "चालतंय? पोरगी उतारावर वळताना आडकली तर तू येनार हायस उचलायला?" 'चालतंय' म्हणणाऱ्या माणसाशी माझं आजही जमत नाही, ते त्याच्यामुळे.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तो सगळी सायकलच घेऊन कापूरहोळच्या दुकानात बसला. डबाभर जुन्या वाट्या रॉकेलात धुवायच्या, एकेक लावून बघायची. दिवेलागणीला घरी आला आणि अंगणात आबांसमोर पुढचं चाक उचललं. हँडल आपसूक वळलं. "बगा दाजी!" आबांनी स्वतः पुन्हा उचलून पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ दे तिला."

सकाळी मामा वेशीच्या उतारापर्यंत सोबत आला. तिथून मी एकटी निघाले आणि वळणावर अलगद वळले. मागं बघायची माझी छाती नव्हती, पण मामाचं रडू स्पष्ट ऐकू आलं. आपण हसत होतो, असं त्यानं पुढं मरेपर्यंत शपथेवर सांगितलं.