काचेमागचा कागद

देवळेकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. आता भांडायचं कुणाशी, हाच पहिला विचार मनात आला. रडू नंतर आलं, तेही रागानेच.

मीरा रोडच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. देवळेकर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, लेखनाचा वर्ग त्याच्याकडे. निबंध बंद करून त्याने मुलांना इंटरनेटवर एकशे चाळीस अक्षरांत लिहायला लावलं. मुलं नया नगरच्या सायबर कॅफेत बसून टोपणनावाने, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि हा त्याला गुण द्यायचा. माझं डोकं फिरायचं. मी तोंडावर म्हणायचे, हे लेखन नाही, चाळे आहेत. तो हसायचा... ते हसू मला अजून डाचतं.

शेवटी त्याचं पितळ उघडं पाडायचं मी ठरवलं. जिन्याजवळचं काचेतलं भित्तिपत्रक माझ्या ताब्यात होतं. मुलांच्या दहा पोस्ट छापून घेतल्या, लाल शाईने दुरुस्त केल्या आणि काचेमागे लावल्या. भित्तिपत्रकात मजकुराखाली नाव द्यायचं, ही आमची जुनी पद्धत. म्हणून त्याच्या गुणांच्या यादीतून टोपणनावांमागची खरी नावं शोधून मी प्रत्येकीखाली नीट लिहिली. त्यात रेश्माची पोस्ट होती: ‘बाबांची कंपनी बंद झाली. बाबा तरी रोज डबा घेऊन निघतात. मी त्यांना भाईंदरच्या खाडीवर जेवताना पाहिलं. आईला सांगितलं नाही.’

मी त्यातल्या वाक्यरचनेवर शेरा मारला होता.

रेश्माच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी आमच्याकडे शिकत होती. संध्याकाळपर्यंत सगळं रेश्माच्या आईच्या कानावर गेलं. वडिलांनी घराबाहेर पडणं सोडलं आणि रेश्माने कॉलेज. केबिन रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात ती काउंटरवर उभी राहू लागली. मी कागद गुपचूप काढले आणि भर स्टाफरूममध्ये देवळेकरवर ओरडले, “तुमच्या खेळापायी एका मुलीचं शिक्षण सुटलं.” कागद कोणी लावला हे त्याला पक्कं माहीत होतं. तो “हो, मॅडम” एवढंच म्हणाला. त्याने भांडायला हवं होतं. त्या ‘हो’बद्दल मी त्याला कधीच माफ केलं नाही.

गेल्या महिन्यात कॉलेजात त्याची शोकसभा झाली. मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. नंतर रेश्मा भेटली. कॉलेज सोडलं तेव्हा सर घरी आले होते, म्हणाली. बाबांसमोर जमिनीवर बसून ‘तो कागद मीच लावला’ म्हणाले, माफी मागितली. बाबांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. मग माझा हात धरून म्हणाली, “तेव्हा मी तुमच्याकडे यायला पायजे होतं, मॅडम. तुम्ही असं होऊच दिलं नसतं.”

खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

स्टाफरूममध्ये त्याची खुर्ची अजून माझ्या समोरच आहे. शिपाई ती हलवायला आला, तर मी त्याच्या अंगावर खेकसले. माझा गुन्हा न विचारता स्वतःच्या नावावर घेऊन हा माणूस चालता झाला. मला तो परत हवाय. रविवारी मी रेश्माच्या घरी जाणार आहे.