केसभर सरकलेलं पुस्तक

आमच्या ताईच्या तोंडचा एक शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं. ‘केसभर.’ चहाचा कप हातात, नजर पुस्तकावर, आणि मग हळूच, “केसभर सरकलंय गं.” झालं! सहा महिन्यांची शिलाई उसवलीच म्हणून समजा.

ताई तीस वर्षं छापखान्यात बाइंडर होती. जन्मभर दुसऱ्यांची रजिस्टरं आणि पावतीपुस्तकं शिवली. निवृत्त झाली आणि म्हणाली, आता एकच पुस्तक करायचं, पण चित्रंही माझी आणि शिलाईही माझी. मला वाटलं, करेल चार महिन्यांत. सहा वर्षं झाली हो! घराची मागची खोली त्यात गेली. टेबलावर कागद, दोरीवर वाळत घातलेले कागद, आणि टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून माझी इस्त्री. स्वतःचे कपडे इस्त्री करायचे तर मला हिची परवानगी काढावी लागते.

बरं, सरळ एका पानावर एक चित्र काढावं की नाही? नाही. अर्धं चित्र डाव्या पानावर, अर्धं उजव्या. दोन्ही पानं घडी घालून शिवायच्या वेगवेगळ्या गठ्ठ्यांतली, त्यामुळे शिवताना अर्ध्याला अर्धं नेमकं भिडायला हवं. केसभर इकडेतिकडे झालं की ही कात्री घेऊन बसलीच.

“बघ ना जरा,” असं अधूनमधून म्हणायची.

“आधी पूर्ण कर, मग बघते,” असं मी दारातूनच सांगायची. चहा ठेवायचा आणि वळायचं. अर्धवट कामाचं कौतुक करून तिला आणखी लाडावून ठेवायची माझी अजिबात तयारी नव्हती.

वाचनालयाच्या बाई दरवर्षी हाताने केलेल्या पुस्तकांचं प्रदर्शन भरवतात. दोनदा ताईने ऐनवेळी माघार घेतली आणि दोन्ही वेळा बाईंना फोन करून तोंडघशी पडले मी, वर पुढच्या वर्षीच्या टेबलासाठी भांडलेही. यंदा बाई स्पष्टच म्हणाल्या, “हे शेवटचं. पुढच्या वर्षी टेबल राखून ठेवणार नाही.” ताईलाही ते लागलं असावं. नावाचं कार्ड तिने चार वेळा लिहिलं.

प्रदर्शन रविवारी. शनिवारी दुपारी पुस्तक शिवून तयार. मी देवाचे आभार मानतेय, तोवर खोलीतून आवाज आला, “केसभर...”

मी जागची हलले नाही. शांतपणे म्हटलं, “दोरा संपलाय ना? मग आधी घेऊन ये.” ती चप्पल घालून गेली. मी डिंकाची बाटली उचलली आणि पुस्तकाची पाठ, जिथे सगळे टाके दिसतात तिथे, चांगली जाड थापून काढली. उसवून दाखव म्हटलं आता! जरा सुकताच, ती परतायच्या आत, कागदात गुंडाळून रिक्षाने वाचनालयात पोचवूनही आले. ताई माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, खरं सांगते.

रविवारी टेबलाभोवती बरीच माणसं जमली. ताईने पुस्तक उघडलं आणि ते उघडेचना. म्हणजे उघडायचं, पण निम्मंच. डिंक पाठीतून गठ्ठ्यांच्या मधे झिरपला होता आणि पानांची मधली बोट-दीड बोट जागा त्याने गिळून टाकली होती.

चष्मेवाल्या एक बाई वाकून बघत होत्या. “इथे मधे कुणी बसलंय का हो? डावीकडे एक कोपर दिसतंय, उजवीकडे एक.”

“माझी धाकटी बहीण आहे,” ताई माझ्याकडे बोट करून म्हणाली. “सगळ्या पानांवर तीच मधे आहे. म्हणून तर नीट भिडायला हवं होतं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताईच्या कानाशी गेले. “ताई, डिंक मी लावला.”

“माहितेय. कुठला बाइंडर असा थापेल?”

“चल, घरी नेऊ. उसवू आपण. टेबल गेलं खड्ड्यात!” माझा आवाज रडका झाला होता.

“वेडी आहेस का? लोक बघतायत ना!”

खरंच बघत होते. आणि ताई, जी चार माणसांत तोंड उघडत नाही ती, एकेक पान उलटून जे दिसत नव्हतं ते सांगत होती. “इथे ही फोनवर भांडतेय, माझ्यासाठीच. इथे इस्त्री शोधतेय.” लोक हसत होते. “आणि इथे चहा घेऊन दारात उभी आहे. आत येत नाहीये.”

त्या पानावर ती जरा थांबली, मग उलटलं.

मी गर्दीच्या मागे जाऊन टाचा उंचावून बघत होते. चोवीस चित्रं बघितली, आणि एकातही मला माझं तोंड दिसलं नाही.