गाणं चालवणारे भाऊ

नव्वदच्या दशकात आमच्या घोडेगावच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये एक भाऊ गाणं चालवायचे. सकाळची जुन्नरची उपासना आटोपून ते एसटीनं येत, तेव्हाच त्यांचा आवाज बसलेला असे. कोमट पाणी पिऊन ते पेटीशी बसत आणि प्रत्येक गीताआधी म्हणत, "घाई करू नगा, एकमेकांचं ऐका." सूर जुळले की त्यांचा दमलेला चेहरा उजळायचा.

माझ्या शेजारी बसणारी म्हातारी मावशी मात्र नेहमी अर्धी ओळ मागे असे. भाऊ वैतागायचे. "मावशी, आमी पोचलो, तुमी अजून वाटंतच." मावशी नुसती हसायची.

एका रविवारी दुसऱ्या कडव्यात त्यांनी पेटी थांबवली.

"मावशीचा आवाज न्हाई," ते म्हणाले.

"आली नसेल," कुणीतरी म्हणालं.

"एकटी ऱ्हाते ती," एवढंच बोलून ते अनवाणीच तिच्या घराकडे निघाले. आम्ही मागोमाग धावलो.

दार आतून बंद होतं. भाऊंनी खांद्यानं धक्के देऊन कडी तोडली. मावशी चुलीपाशी पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं, ओठ सुकले होते. आदल्या संध्याकाळपासून ती तशीच होती. दवाखान्यात न्यायला जीप आणली, तीत चढवताना तिनं भाऊंचा हात सोडला नाही.

मावशी वाचली. मी मात्र आतून हादरले होते. उपासना सुरू झाल्यापासून माझ्या शेजारची जागा रिकामी होती, आणि मी तिथं पिशवी ठेवून मोकळ्या गळ्यानं गात होते.