पुलापलीकडची बैठक

"सिरॉसिस आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे लिव्हर कडक होऊन आक्रसत चाललं होतं. माझ्या नवऱ्याच्या पोटात पाणी झालं होतं, डोळे पिवळेजर्द. "आता एक घोट जरी गेला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

खरं सांगू? मले कीव नाई आली. संताप आला. बारा वर्षं मी घसा फोडून हेच सांगून राह्यली होती.

गडचिरोलीच्या दवाखान्यात नऊ दिवस काढले. दारू एकदम तुटली की शरीर जो तमाशा करते त्याले विथड्रॉवल म्हणतात. हात लटलट कापायचे. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडायचा. एका नर्सनं मलेच सुनावलं, "घरच्यांनी लक्ष द्यायला हवं होतं." मी म्हटलं, "बाई, तुमी नेता का याले घरी? द्या लक्ष."

घरी आल्यावर याचं नवीन सुरू झालं. दर रविवारी दुपारच्या गाडीनं मूल गावाले जायचा. "काऊन जी, कुठी चाल्ले?" तर म्हणे, "काम हाय."

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी हाय. वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा लागते, तिकडं मूलमध्ये दारूची दुकानं उघडी. रविवारी मूलले जाणारा माणूस कशाले जाते हे आमच्याकडचं शेंबडं पोरगंही सांगन. आणि मी तर गावच्या दारूबंदी कमिटीतली. जंगलात जाऊन दारूसाठी आंबवलेल्या मोहाच्या सडव्याचे मडके फोडले मी, आणि माझाच नवरा पूल ओलांडते! बाया तोंडावर हसायच्या.

अडीच महिने सोसलं. मंग एका रविवारी मीच कमिटीच्या कौसल्याबाईले म्हटलं, "आज माझ्याच नवऱ्याले धरा."

संध्याकाळच्या गाडीतून तो उतरला. आम्ही आठ बाया उभ्या. मी तोंडाचा वास घेतला. बडीशेपेचा वास आला. पिणारे वास दाबाले बडीशेपच खातात, अजून काय पुरावा पाह्यजे? थैली झाडली, काही निघालं नाई. तरी आमच्या गावचा दंड ठरलेला. दारूच्या रिकाम्या बाटल्यांची, पव्व्यांची माळ गळ्यात घालून चावडीसमोर उभं करायचं. माळ मीच घातली. त्यानं मान वाकवून घालू देली. आमची पोरगी घरात कोंडून घेऊन रडली.

दुसऱ्या दिवशी तो प्याला. खरोखरचा प्याला. तिसऱ्या दिवशी रक्ताची उलटी झाली, बादलीभर.

लिव्हर खराब झालं की अन्ननळीच्या नसा फुगतात, त्याले व्हेरिसेस म्हणतात. त्या फुटल्या होत्या. तोंडातून दुर्बीण घालून नसांना रबराच्या कड्या लावल्या, त्याले बँडिंग म्हणतात. डॉक्टर मले म्हणाले, "अडीच महिने थेंब नव्हता घेतला त्याने. रिपोर्ट सुधारत होते. मध्येच काय झालं?"

मी वॉर्डाबाहेर जाऊन पायरीवर बसली.

रविवार उलटल्यावर वॉर्डात एक पिकल्या मिशांचे बाबा आले. मूलच्या राईस मिलमध्ये हमाल. म्हणाले, "भाऊ बैठकीले आले नाई, म्हणून पत्ता काढत आलो." कोणती बैठक? तर मूलले दर रविवारी दारू सोडलेली माणसं शाळेच्या खोलीत जमतात. आपापलं बोलतात, चहा पितात, बडीशेप खातात, घरी जातात. पहिल्या वेळी सुटी देताना डॉक्टरांनीच त्याले पत्ता देला होता. मी तेव्हा औषधाच्या लाईनीत उभी.

"मंग मले सांगितलं काऊन नाई?" मी जवळजवळ त्यांच्या अंगावरच गेली.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवून पाच डाव शपथ मोडली म्हणे त्यानं. आता सांगायले तोंड नव्हतं. आधी दारूबिगर काही महिने जाऊ दे, मंग सांगतो, म्हणे."

"म्हणजे मी लोटलं त्याले मरणाच्या दारात?"

"नाई बाई. प्याला तोच. पण माळ तुमची." एवढं बोलून ते नवऱ्याजवळ जाऊन बसले. मले इतका राग आला त्या माणसाचा! अजूनही येते. कारण बोलले ते खरं होतं.

घरी आलो. नवरा माझ्याशी बोलेना. बैठकीलेही जाईना. गाडीच्या थांब्यावर उभं राह्यलं की लोक पाहून हसतात. औषध चालू होतं, पण मन पुन्हा बाटलीकडं धावत होतं, मले दिसत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पुन्हा नस फुटली तर वाचणार नाही.

तुमच्या घरी असा माणूस असन तर एक ऐका. त्याच्यावर चिडा, भांडा, मी नाई म्हणत नाई. पण चारचौघांत त्याची इज्जत काढू नका, आणि तो कुठी जाते हे आधी मागं जाऊन पाहा. मी नाई पाह्यलं.

महिनाभरानं एका रविवारी मी त्याले हात धरून थांब्यावर नेलं. कौसल्याबाई तिथी होतीच. "आता जोडीनं चाल्ले का पुलापलीकडं?" सगळे फिदीफिदी हसले.

मी थांब्याजवळच्या चावडीच्या ओट्यावर चढली. "हा मूलले दारू सोडाले जात होता," मी ओरडून सांगितलं. "वास मी घेतला, माळ मी घातली. चूक माझी हाय. हसाचं असन तर मले हसा."

कोणी हसलं नाई, कोणी वाहवाही केली नाई. कौसल्याबाई मान फिरवून निघून गेली. आजही बोलत नाई माझ्याशी.

मी खाली उतरली. महिनाभर मुका असलेला नवरा म्हणाला, "चाल, गाडी आली."