कमरेखालची लाथ

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे एक गोष्ट सोडून. बरं, दोन धरा. कराटेच्या क्लासचे किस्से दौंडच्या यार्डातल्या मालगाडीच्या वाघिणींसारखे असतात. एक ओढायला जावं तर मागून चाळीस जोडलेल्या निघतात, आणि त्यात एखादी दुसऱ्याच गाडीची असते.

नव्वदनंतरची गोष्ट. शिंदे सर रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. ड्यूटी संपली की कॉलनीतल्या जुन्या हॉलमध्ये आम्हाला कराटे शिकवायचे. कराटे तेही ओकिनावा बेटावरचं, जुन्या वळणाचं. त्यात लाथ मारायची ती कमरेच्या खाली. गुडघा, नडगी, मांडी. बास.

आम्ही सगळे व्हिडिओ पाहून आलेलो. आम्हाला उडून तोंडावर मारायची होती. मी एकदा विचारलंच, सर, वरची लाथ कधी शिकवणार?

सर म्हणाले, "कमरेच्या वर गेली की ती लाथ न्हाई, नवस हाय. लागला तर लागला."



या कराटेत पायाच्या बोटांच्या टोकानं मारायची एक लाथ आहे. बोटं आवळून, खिळ्यासारखी. त्यासाठी बोटं टणक करावी लागतात. सरांनी सांगितलं, घरी ज्वारीच्या पोत्यावर रोज शंभर मारा. हळू.

खुटबावचा भिवा आमच्यात सगळ्यात आज्ञाधारक. घरी गेला, पडवीतल्या पोत्यासमोर उभा राहिला आणि जपानीत ओरडून पहिलीच लाथ जिवाच्या आकांतानं घातली. पोतं सिमेंटचं होतं. विहिरीच्या कामातून उरलेलं, दोन पावसाळे खाल्लेलं.

भिवाचे आबा आवाज ऐकून बाहेर आले. त्यांनी आधी पोतं नीट तपासलं, मग पाय. म्हणाले, "बैलाला नाल मारायला माणूस येणारच हाय बुधवारी. तवर कळ काढ."



दुसरा नियम असा की लाथ मारण्याआधी गुडघा वर उचलायचा आणि सरांनी पुढचा आकडा म्हणेपर्यंत खाली आणायचा नाही. एका संध्याकाळी सरांनी जपानीत "इची, नी, सान", म्हणजे एक, दोन, तीन म्हटलं, आणि तेवढ्यात शेडमधून माणूस आला. इंजिन बंद पडलंय, लगेच चला. सर पांढऱ्या ड्रेसवरच पळाले. आम्ही चाळीसजण एका पायावर.

दोन मिनिटं उभे राहिलो. मग सरळ बाहेर जाऊन चहा घेतला, भजी खाल्ली. तासाभरानं सर येताना दिसले, तसे पळत येऊन पुन्हा गुडघे वर. चेहरे असे की आता जीव जातोय.

गाडी लांबून आली की फिटर चाकाच्या आसाला हात लावून बघतो, किती तापलाय ते. तसा सरांनी रांगेतल्या प्रत्येकाच्या मांडीला हात लावला. शेवटच्याला लावून म्हणाले, "सगळी गार. गाडी यार्डातच हुबी व्हती."

आणि मग "शी", म्हणजे चार, म्हटलं ते पुढच्या अर्ध्या तासानं.



इथपर्यंत मजा होती. मग शिरूरला गव्हाणेंचा क्लास निघाला. गव्हाणे तरुण, ब्लॅक बेल्ट, आणि लाथ थेट डोक्याच्या वर. केंदूरच्या जत्रेत त्यांनी गोल फिरून लाथ मारली, ती समोरच्या हातातला नारळ सोडून बाजूच्या पाटलांच्या फेट्याला लागली. फेटा तीन माणसं ओलांडून पडला. गव्हाणेंना तो स्वतःच्या हातानं बांधून द्यावा लागला.

पाटील मामा म्हणाले, "मारा, पर आधी डोकं कुणाचं हाय ते बघत जावा."

तरी दुसऱ्या दिवसापासून पोरं शिरूरला! लोकांना लाथ दिसली होती ना. आमच्या सरांची कुणाला दिसायचीच नाही. चाळीसचे आम्ही दहा उरलो.

त्यात आमच्या कराटेचे प्रमुख, पुण्याचे मोठे सर, यांचं पत्र आलं. शिंदे सरांचा पट्टा तपकिरी होता, आणि क्लास चालवायला यापुढं काळाच लागणार. परीक्षा शिरूरला. नापास झालात तर दौंडचा क्लास बंद.

सरांनी ते पत्र घडी करून डब्यात ठेवलं आणि आठ दिवस कुणाला रागावले नाहीत. तेव्हा आम्ही घाबरलो.



परीक्षा एका मंगल कार्यालयात होती. सरांच्या समोर लढायला कोण? गव्हाणे.

गव्हाणेंनी पाय उचलला. सर मागं सरले नाहीत, उलट एक पाऊल आत गेले. पुढं काय झालं ते मी समोर बसून बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण दिसलं नाही. गव्हाणे सतरंजीवर बसलेले होते. ज्या पायावर ते उभे होते, त्या गुडघ्यामागं सरांच्या पायाचा तळवा नुसता टेकलेला.

पुन्हा उठले. पुन्हा पाय वर. पुन्हा बसले. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा त्यांनी पायच उचलला नाही.

मोठे सर चष्मा पुसत म्हणाले, "शिंदे, लाथ दाखवा."

"दाखवली की तीनदा."

"आम्हाला दिसली नाही."

"दिसली असती तर गव्हाणे सर कशाला बसले असते?"

मोठे सर खुर्चीवरून उठले, स्वतःच्या कमरेचा काळा पट्टा सोडला आणि शिंदे सरांना बांधला.

हे शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. मोठ्या सरांनी कागदावर लिहिलं, ‘ही लाथ अभ्यासक्रमात नाही’, आणि नापास केलं.

सोमवारी आम्ही हॉलमधलं सामान आवरायला गेलो, तर शिरूरच्या एसटीनं गव्हाणे आले होते. दौंडचा क्लास त्या दिवसापासून कागदावर त्यांच्या नावावर आहे. ब्लॅक बेल्ट त्यांचाच लागतो. शिंदे सर आकडे म्हणतात, आणि गव्हाणे शेवटच्या रांगेत भिवाच्या शेजारी गुडघा वर करून उभे राहतात.