रुपरावांनी ठेवलेलं प्रस्थान

आमच्या प्रताप नगरात कुणाला कुठेही जायचं असलं तर आधी रुपरावांना विचारतात. न विचारताही ते सांगतातच, त्यापेक्षा विचारून घेतलेलं बरं पडतं. रुपराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते भोंग्यावरून सांगणारा माणूस. निवृत्त झाल्यावर भोंगा तिकडेच राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले. सकाळी समोरच्या घरातून ‘चहा झाला का?’ असं ऐकू आलं की माझा नवरा रविंद्र इकडून ‘अजून नाही’ म्हणतो. प्रश्न आपल्यासाठी नव्हता हे त्याच्या नंतर लक्षात येतं.

एवढी वर्षं गाड्यांमध्ये काढली, पण रुपराव स्वतः फारसे कुठे गेले नाहीत. लोकांना बसवून द्यायचं आणि संध्याकाळी सायकलवर घरी यायचं. त्यांची बायको वच्छलाबाई मात्र दर आठवड्याला सावनेरकडे जाते. तिकडे त्यांची शेती आहे, ती तीच पाहते. सकाळी जाते आणि संध्याकाळी परत येते, मुक्काम करत नाही. मुलगा आयुष पुण्याला, त्याच्याकडेही दोघं मिळूनच जातात. रुपरावांना एकट्याने राहता येत नाही हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडावर कुणी बोलत नाही इतकंच.

तर वच्छलाबाई आणि गावातल्या काही बायका मिळून जुन्या गावरान ज्वारीचं बियाणं राखतात. एका संस्थेच्या लोकांनी येऊन ते पाहिलं, फोटो काढले, चहा पिऊन गेले. आम्हाला वाटलं, झालं. वर्षभराने बँकॉकहून आमंत्रण आलं. बियाणं राखणाऱ्या बायकांची आंतरराष्ट्रीय परिषद होती. तिकीट त्यांचं, राहणं त्यांचं, आणि वच्छलाबाईंनी तिथे बोलायचं. संस्थेतली दामिनी नावाची मुलगी दुभाषी म्हणून सोबत जाणार होती.

परिषदवाल्यांनी प्रवासाचं मार्गदर्शनही पाठवलं होतं. कोणते कागद हातात ठेवायचे, उतरल्यावर बाहेर कोण उभं असेल, हॉटेलपर्यंत बस कुठून मिळेल, चित्रांसकट सगळं. दामिनीने ते मराठीत करून दिलं. रुपरावांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “कच्चं हाय.”

विमानात ऊन कोणत्या बाजूने येईल ते त्यात नव्हतं. प्यायच्या पाण्याचा नळ कुठे, ते नव्हतं. कोलकात्याला विमान बदलायचं होतं. पहिलं उशिरा पोचलं तर दुसरं थांबवायला कुणाला सांगायचं, त्या माणसाचं नाव नव्हतं. दामिनी म्हणाली, “काका, विमान कोणासाठीच थांबत नाही.” हे ऐकून मात्र रुपरावांच्या मनात विमानवाल्यांबद्दल आदर निर्माण झाला. फलाट सोडलेली गाडी त्यांनीही कधी कुणासाठी थांबवली नव्हती. एकदा त्यांचे सख्खे सासरे पिशवी घेऊन गाडीमागे धावले होते. गाडी गेली. सासरे मुक्कामाला जावयाच्याच घरी परत आले आणि जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

मग रोज संध्याकाळी ओट्यावर वच्छलाबाईंचं शिक्षण सुरू झालं. चढताना मागे पाहायचं नाही, पाय घसरतो. पिशवी मांडीवर ठेवायची, शेजारच्या बाईला सांभाळायला द्यायची नाही. विमानात रुमाल टाकून जागा धरावी लागत नाही, हे त्यांनी स्वतः विमानतळावर जाऊन चौकशी करून आणलं. तिथल्या शिपायाने त्यांच्याकडे कसं पाहिलं असेल ते मी विचारलं नाही. वच्छलाबाई डाळ निवडता निवडता ऐकून घ्यायच्या आणि मधूनमधून ‘हो’ म्हणायच्या.

एवढ्यात एक भानगड निघाली. विमान सोमवारचं होतं, बँकॉक पूर्वेला, आणि सोमवारी पूर्वेकडे निघू नये म्हणतात. त्याला दिशाशूल म्हणतात. विमानाचा वार बदलून मिळेल का, हेही विचारून झालं. पण अशा अडचणीवर आपल्या लोकांनी तोड काढून ठेवलेली आहे. चांगल्या वारी प्रवाशाचं सामान घराबाहेर काढायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरायचं आणि खऱ्या दिवशी जाता जाता सामान उचलायचं.

रुपरावांच्या पूर्वेला आमचं घर आहे.

माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात वार, दिशा, मुहूर्त यातलं काही चालत नाही. हे घरसुद्धा आम्ही अमावास्येला घेतलं आणि अजून ते गळत नाही. रुपरावांनी त्या दिवशी फाटकातूनच ‘जय भीम’ केला तेव्हा मी ओळखलं की काम आहे. एरवी ते नुसतं ‘हाय का घरी?’ म्हणतात.

“भाऊ, आमी हे मानत नाही, तुमाले माहीत हाय,” मी म्हटलं.

“म्हणूनच तं तुमच्याकडे आलो,” ते म्हणाले. “मानणाऱ्याच्या घरी ठेवलं तं तो वरून आपली एक सुपारी घालते. तुमी हात बी नाही लावणार.”

मी म्हटलं, “सामान म्हणून ठेवा. मुहूर्त म्हणून नोका ठेवू.”

“ठेवणारा मी हावो ना. काय म्हणून ठेवाचं ते मी पाहून घेईन.”

शुक्रवारी सकाळी त्यांनी वच्छलाबाईंच्या तळहातावर दही-साखर दिली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात गाठोडं. गाठोड्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि पासपोर्ट. वच्छलाबाई गल्ली ओलांडून आल्या, आमच्या दिवाणावर गाठोडं ठेवलं आणि त्याच्या शेजारी स्वतः बसल्या. रुपराव फाटकात उभे.

“चाल ना वं,” ते म्हणाले.

“कुठं?”

“घरी. सामान ठेवणं झालं ना.”

“मी निंगाली,” वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या. “निंगालेली गाडी माघारी येते का कवा?”

नियम रुपरावांचाच होता. थोडा वेळ आमच्या जास्वंदीकडे पाहून ते एकटेच घरी गेले.

मला ही गंमत वाटली. पण दुपारी भांडी आवरताना वच्छलाबाईंनी खरं सांगितलं. “ताई, मले पाहाचं हाय, हे माह्याबगर राहू शकते का. सोमवारपर्यंत. राहिले तं मी जाते. नाही तं जाऊ द्या ते विमान. तुमी डबा नोका देऊ, अन् त्याईले सांगू बी नोका.”

माझं डोकंच फिरलं. एका बाईला परदेशातून बोलावणं येतं आणि तिचं जाणं नवऱ्याला चहा जमतो की नाही यावर अडतं! मी तसं तोंडावर बोलले.

“चहाचं नाही ताई,” त्या म्हणाल्या. “मागं एकडाव मी गावाले अडकली होती. पुलावर पाणी आलतं. सकाळी आली तं हे तसेच बसून. जेवले नाही, पाठ टेकली नाही. काहून बसले म्हटलं, तं म्हणते, गाडीची वाट पाहून राहिलो.”

यावर मी भांडी घासत राहिले.

संध्याकाळी समोरून दूध उतू गेल्याचा वास आला. मग रुपराव आमच्या खिडकीशी आले. वच्छलाबाई आतच, अगदी समोर बसल्या होत्या, पण त्या प्रवासाला निघालेल्या होत्या, तेव्हा रुपरावांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “प्रेमिलाताई, साखर कुठं ठेवली असते?” मी मागे वळून विचारलं. वच्छलाबाई म्हणाल्या, फळीवर, डाव्या हाताला. मी पुढे वळून तेच सांगितलं. रुपरावांनी मान डोलावली आणि गेले. शनिवारी ते भातात पाणी किती, हे विचारायला आले. नंतर भाताचं काय करायचं, हे विचारायला आले. रविंद्र म्हणाला, आपण खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी लावू. कुणी हसलं नाही.

रविवारी ते आले तेव्हा उजव्या हाताच्या बोटांना फडकं गुंडाळलेलं होतं. कुकरची वाफ लागली होती. त्यांनी फक्त जिऱ्याचा डबा कुठे आहे ते विचारलं आणि हात पाठीमागे धरून उभे राहिले. वच्छलाबाईंनी ते पाहिलं. रुपराव गेल्यावर त्यांनी गाठोडं सोडलं, पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “दामिनीले फोन लावा. मी नाही जात.”

मी फोन लावला नाही. पासपोर्ट तसाच हातात घेऊन गल्ली ओलांडली. सांगू नका म्हणून मला बजावलेलं होतं. मी सगळं सांगितलं, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. स्वयंपाकघरातला सगळा ओटा तांदळाने भरलेला, आणि रुपराव कुकरसमोर पोलिसासारखे उभे.

“भाऊ, तीन दिवस तुमची परीक्षा चालू हाय,” मी म्हटलं. “अन् तुमी नापास झाले. ती जाऊन नाही राहिली.”

रुपरावांनी पासपोर्टकडे पाहिलं. मग कुकर उघडला, भांडं फडक्यात धरलं आणि माझ्या पुढे चालत आमच्या घरी आले. या खेपेला खिडकीशी नाही, दारातून आत. वच्छलाबाईंच्या समोर भांडं ठेवलं. खिचडी होती.

वच्छलाबाईंनी चिमूटभर तोंडात घातली. “मीठ नाही.”

“नाही. भुललो. दोन घास खाल्ले मी, अन् मेलो नाही,” रुपराव म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता, आम्हाला कान द्यावा लागला. “जनमभर लोकाईले गाडीत बसवून देल्लं मी. कोण कुठचे, त्याईलेही देल्लं. तुलेच नाही. मीच तुले कुठं मुक्कामाले जाऊ नाही देल्लं, वच्छला. आता जाय.”

“अन् तुमी?”

“मी राहीन. वाईट राहीन, पण राहीन.”

रविंद्र पेपर वाचत होता. त्याने तो तोंडासमोर धरला आणि खाली घेतलाच नाही. वच्छलाबाई उठल्या, आमच्या स्वयंपाकघरातून मीठ आणलं, खिचडीत कालवलं आणि चौघांच्या ताटल्यांत वाढली. चांगली नव्हती. आम्ही सगळी संपवली.

सोमवारी वच्छलाबाईंनी आमच्याकडून सामान उचललं आणि पूर्वेकडे निघाल्या. विमानतळ आमच्या गल्लीच्या नक्की कोणत्या दिशेला येतो, हा विषय मी काढला नाही. विमानतळाच्या दारावरच्या जवानाने तिकीट पाहून वच्छलाबाईंना आणि दामिनीला आत सोडलं आणि आम्हाला बाहेर थांबवलं. बायको वळून पाहील म्हणून रुपराव हात वर करून उभे होते. वच्छलाबाई वळल्या नाहीत. मागे पाहू नको असं रुपरावांनीच शिकवलं होतं, आणि ती बाई शिकवलेलं विसरत नाही.

त्यानंतर रुपराव राहिले. वाईट राहिले. शर्टाला इस्त्री नाही, दाढीचे खुंट, आणि जेवणात रोज खिचडी. पण रोज जेवत होते, ते मी खिडकीतून पाहून घेत होते. आयुष पुण्याहून म्हणाला, मी डबा लावून देतो. त्याला नको म्हणाले. बाकी वेळ ते गल्लीला वच्छलाबाईंच्या परतीची माहिती देत. पुढच्या मंगळवारी, संध्याकाळच्या विमानाने, कोलकात्याहून. दूधवाल्याला माहीत, भाजीवालीला माहीत, गॅस सिलिंडर आणणाऱ्यालाही माहीत झालं होतं.

परिषदेत बोलून झाल्यावर वच्छलाबाईंनी दामिनीच्या फोनवरून माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. मी रुपरावांना हाक मारली. वच्छलाबाई भराभर सांगत होत्या. एवढ्या मोठ्या सभागृहात त्या आपल्या भाषेतच बोलल्या, दामिनी मागून इंग्रजीत सांगत होती. केनियाच्या एका बाईने त्यांच्या ज्वारीचे दाणे हातात घेऊन किती तरी वेळ सोडलेच नाहीत. हॉटेलातली गादी इतकी मऊ की पाठ दुखली, म्हणून त्या खाली सतरंजी टाकून झोपल्या. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. रुपरावांनी विचारलं, कोलकात्याला गाडी वेळेवर लागली का? लागली. पाणी कुठे मिळालं? मिळालं. मग त्यांचे प्रश्न संपले. ते फोनकडे नुसतं पाहत राहिले.

“कवा येऊन राहिली वं?” त्यांनी विचारलं.

रविंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

फोनमध्ये वच्छलाबाई पण थांबल्या. मग लहान पोराला सांगावं तसं सावकाश म्हणाल्या, “मंगळवारी. संध्याकाळच्या विमानानं. कोलकात्याहून.”

“बरोबर,” रुपराव म्हणाले, जणू तपासूनच घ्यायचं होतं. फोन माझ्या हातात दिला आणि तोंड धुतो म्हणून आमच्या मोरीत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी जेमतेम तासभर येतं, आणि नळ कुणी उगीच वाहता ठेवला तर मी घरच्यांनाही सोडत नाही. तो बराच वेळ वाहत होता. मी काही म्हटलं नाही.