कोठीतला मोगरा

“आला का?”

“न्हाई.”

“आता?”

“अवं, श्वास तर घेऊ द्या. न्हाई आला.”

मी बाहेरच्या खोलीत पेटवलेल्या मेणबत्तीपुढं बसलो होतो. माझी बायको सुगलाबाई आत चुलीपाशी भाकरी थापत होती. आमची मालाची कसोटी हीच. मेणबत्ती बाहेर पेटवायची आणि वास चुलीपर्यंत गेला पाहिजे. गेला तर माल पास. माझं नाक धरायचं नाही, कारण दिवसभर तेलाच्या वासात बसून ते बधिर झालेलं असायचं. जो वासात बसतो त्याला वास कळत नाही. म्हणून मी पेटवायचं आणि तिनं सांगायचं.

“बास करा आता, भाकर गार व्हायलीय,” ती म्हणाली. मी मेणबत्ती शांत केली. जेवलो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. पहाटे ती उठली नाही. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाला.

त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. शाळा चौथीत सोडली. मेणबत्तीबद्दल मात्र लिहिता येतं, म्हणून तेच लिहितो.

मी मूळचा गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस उकळतो ती काहील कधी उतरवायची हे ज्याला डोळ्यानं कळतं तो गुळव्या. बसवकल्याणच्या आसपासची बरीच गुऱ्हाळं माझ्या हातानं पेटलीत. गुडघे गेले तेव्हा काहील सुटली. सुगला बचत गटाच्या ट्रेनिंगला गेली आणि मेणबत्ती शिकून आली. मला म्हणाली, “तुम्ही आयुष्यभर उकळतच आलाव. हेबी उकळायचंच हाय.” मी कामाला लागलो.

आम्ही साध्या मेणाच्या नाही, सोयाच्या करायचो. सोयाबीनच्या तेलापासून मेण करतात, पांढरं, साबणाच्या चुऱ्यासारखं. आमच्या शिवारात जिकडं बघावं तिकडं सोयाबीन, पण मेण होऊन यायचं ते हैद्राबादवरून. ते पातळ करायचं, त्यात वासाचं तेल मिसळायचं, काचेच्या गिलासात वात उभी करून ओतायचं. धूर कमी, दिसायला देखणी. खोड एकच. वास देत नाही.

म्हणजे गिलास नाकाला लावला तर येतो. त्याला कोल्ड थ्रो म्हणतात. पेटवल्यावर खोलीभर पसरतो तो हॉट थ्रो. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते हॉट थ्रोचे. आमचा हॉट थ्रो गिलासाच्या बाहेर पाऊल टाकत नव्हता.

आणि बीदरचा शिवराज तर थ्रोवरच अडून बसला होता. त्याचं भेटवस्तूंचं दुकान. एका मोठ्या लग्नात पाहुण्यांना मोगऱ्याच्या मेणबत्त्या द्यायच्या होत्या. पहिला नमुना त्यानं काउंटरवर लावला आणि मला फोन केला.

“अप्पा, ही मेणबत्ती हाय का मुकी बायको? काहीच बोलंना!”

“माझी बायको मुकी न्हाई. येऊन बघ.”

“थट्टा न्हाई अप्पा. लग्नाआधी वास सुटला तर आर्डर तुमची. न्हाई तर मी हैद्राबादचा माल आणतो.”

सुगलाला ती आर्डर हवी होती. पैशाचं सोडा. आपण केलेली वस्तू दारातून आत येणाऱ्या माणसाला थांबवते का, एवढंच तिला बघायचं होतं.

पहिली दुरुस्ती मी माझ्या अकलेनं केली. वास कमी, तर तेल जास्त. दुप्पट ओतलं. मेणबत्तीला वरून घाम फुटला, तेल तरंगायला लागलं, आणि ज्योत फडफड करून विझली. बीदरच्या जुन्या बाजारात तेल विकणारे चाचा आहेत, त्यांना दाखवली. ते हसले. “मेण को जितना पीना उतनाच पीता अप्पा. जादा नक्को डालो.” मेणाच्या वजनाच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढं तेल, त्याच्यावर नाही. ठीक.

दुसरी चूक आगीची. गुळव्याला उकळी दिसल्याशिवाय काम झालंसं वाटत नाही. मी मेण धुरावर येईपर्यंत तापवायचो आणि त्यातच तेल ओतायचो. घर असं घमघमायचं की शेजारीण विचारायची, कुणाची हळद आहे. सुगला म्हणाली, “सगळा वास घरानंच खाल्ला. गिलासाला काय ठेवलाव?” बरोबर होतं. उकळत्या मेणात तेल घातलं की वास वाफेवर निघून जातो. मग थर्मामीटर आणला. माझ्यासारख्याला काच बघून काम करायची लाज वाटली. पण काहिलीतला रस बुडबुड्यांनी बोलतो, मेण काहीच बोलत नाही. पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून तापवायचं, पाण्याच्या उकळीच्या बरंच खाली आग काढायची, मग तेल घालायचं आणि सावकाश ढवळत राहायचं.

तिसरी चूक वातीची, आणि ती सुगलाची. तिनं जन्मभर देवापुढच्या समईच्या वाती वळल्या. बारीक, मंद जळणाऱ्या. मेणबत्तीलाही तीच वात. ज्योत शांत दिसायची, पण मधोमध विहीर पडायची आणि कडेचं मेण तसंच कोरडं. वास सुटतो तो वितळलेल्या मेणातून. डबकं काठापर्यंत गेलं नाही तर वास यायचा कुठून? जाड वात आणली.

“समईला असली वात लावली तर सासू घराबाहेर काढील,” ती म्हणाली.

“तुझी सासू कधीच गेली.”

“म्हणून तर लावायलेय.”

तेल बरोबर, आग बरोबर, वात बरोबर. त्या हिशोबानं आम्ही एक घाण ओतली. घाण म्हणजे एका वेळी ओतलेला माल, गुऱ्हाळातला शब्द. ओतलं तिनंच, माझा हात थरथरतो. वरून चमच्यानं गुळगुळीत केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातली एक मी पेटवली. “न्हाई आला.” बाकीचं वर सांगितलंच.

ती गेल्यावर घर माणसांनी भरलं. आम्ही बसवण्णांना मानणारे, आमच्यात सुतक पाळत नाहीत. आमच्या रीतीनं तिला बसवूनच माती देऊन आलो, विभूती लावली, आणि लगेच मी काम बघायला लागलो. गिलास सापडेनात. खाटेखाली नाहीत, फळीवर नाहीत. आलेल्या बायकांपैकी कुणीतरी आवराआवर केली असणार. विचारायला तोंड उघडलं की समोरची बाई रडायची. विचारायचं सोडून दिलं.

शिवराजचा फोन आला. म्हणाला, “अक्का माझ्याशी लई चांगलं बोलायच्या. अप्पा, आर्डरचं राहू द्या.”

“राहू कामून देऊ?”

“तुम्ही एकटे कसं करताव?”

“लग्न पुढं गेलं का?”

“न्हाई.”

“मग तू गप बस. मी सांगतो.”

सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. मनात एवढंच ठरवलेलं की ते गिलास सापडले की वितळवायचे आणि नव्यानं ओतायचे. तिनं गुळगुळीत केलेलं आपण मोडायचं, हे मात्र मन घेत नव्हतं.

पाव्हणे पांगले. माझी मेहुणी काशीबाई तेवढी राहिली, मंठाळ गावची. तिची जीभ बहिणीपेक्षा धारदार. सुगला जाऊन पंधरा-सोळा दिवस झाले असतील, दुपारी तिनं ताट वाढलं. वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, जोंधळ्याची भाकर. मी घास तोडला, तोंडात घातला आणि थांबलो.

“काशे, भाकरीला गजरा बांधलीस का?”

“खावा गुमान. आधीच वाळून काटूक झालाव.”

“मोगरा लागायलाय.”

“दाजी, दुःखानं असं होतं माणसाला.”

“दुःख जिभेला लागत न्हाई. खाऊन बघ.”

तिनं तुकडा तोंडात टाकला. चावला. कपाळावर हात मारला. “अगं बया! गिरणीवाला बी म्हणालावता, पीठ कसलं आणलीस, लग्नाचं हाय का? मी त्यालाच शिव्या घातल्या!”

“कसलं पीठ?”

“कोठीतल्या जोंधळ्याचं. कोठीत तुमचे गिलास हायत ना.”

“कोठीत?”

“मग काय! घरभर लेकरं पळायली. फुटले असते तर अक्का वर बसून मला बोलली असती. वरून धोतर झाकून ठेवले.”

पत्र्याची कोठी उघडली. गिलास जोंधळ्यावर ओळीनं बसलेले. वर नुसती पुठ्ठ्याची झाकणं. त्या बंद अंधाऱ्या कोठीत सगळ्या जोंधळ्याला मोगरा चढलेला. नंतर आम्ही तो अंगणात पसरला, म्हशीपुढं टाकून पाहिला. म्हशीनं हुंगलं आणि आमच्याकडं असं बघितलं की काशी हसून हसून खाली बसली. त्या घरात सुगला गेल्यापासून पहिल्यांदा कुणी हसलं.

मी एक गिलास बाहेरच्या खोलीत नेला. पंखा बंद केला. पेटवला. डबकं पसरत काठाला लागेपर्यंत बसून राहिलो. आता विचारायचं होतं. पण कुणाला? काशीला ती कसोटी ठाऊक नव्हती, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आतनंच तिचा आवाज आला. “दाजी! उदबत्ती लावलाव का? काय वास सुटलाय! हितं चुलीपाशी!”

मी नाक पुसलं आणि चाचांना फोन लावला. तेच तेल, तीच वात, तीच आग. तेव्हा का नाही आला, आत्ता का आला?

“कब पेटवी थी अप्पा?”

“दुसऱ्या दिवशी.”

“हौला, पागल है क्या जी? सोया है वो. तेल उसके अंदर जा के बैठना. पंधरा दिन आराम करने देना. पेटी में, अंधेरे में. हमारे पास के लोगां उसको क्युअरिंग बोलते.”

“आधी कामून सांगितलं न्हाई?”

“पूछे क्या? तेल का पूछे, मैं तेल का बोला.”

त्याचंही खरं. आणि मी विचारणार कसा? गुळाची ढेप थंड झाली की माल तयार, सकाळी गाडीत. मेण थंड झालं म्हणजे तेही तयार, असं मी जन्माचा गुळव्या धरूनच चाललो होतो. तेलाच्या, आगीच्या, वातीच्या चुका शोधल्या. थांबायचं राहून गेलं. ते काम काशीनं आवराआवरीत करून टाकलं.

बीदरला जायला निघालो. फुटू नयेत म्हणून गिलास पिशवीत त्याच जोंधळ्यात खोचून घेतले, नाहीतरी तो खायच्या कामाचा राहिला नव्हता. बसमध्ये मागच्या बाईनं नवऱ्याला विचारलं, “कुणाच्या डोक्यात गजरा हाय?” पुढच्या सीटवर सगळे पुरुष. कंडक्टरनं माझ्या टकलाकडं बघितलं आणि तिकीट फाडलं.

शिवराजनं गिलास काउंटरवर ठेवून पेटवला. डोक्यावर पंखा गरगरत होता.

“अप्पा, न्हाई येत.”

“पंखा बंद कर.”

“गिऱ्हाईक घामेजतं.”

“घामेजू दे. मोगरा येईल.”

त्यानं पंखा बंद केला आणि चहा मागवला. चहा झाला तरी काही नाही. तो घड्याळाकडं बघायला लागला. मी म्हणालो, “डबकं काठाला लागू दे. पहिल्यांदा पेटवली की काठापर्यंत वितळू द्यायची, मगच शांत करायची. न्हाई तर जन्मभर विहीरच पडती. लग्नाच्या पाव्हण्यांना हे चिठ्ठीवर लिहून दे.”

तेवढ्यात रस्त्यावरून जाणारी एक बाई दारात थांबली. आत डोकावून कन्नडमध्ये विचारलं, “अण्णा, मल्लिगे कुठं मिळायलंय?” मल्लिगे म्हणजे मोगरा. शिवराजनं माझ्याकडं बघितलं.

“फुलं न्हाईत अक्का, मेणबत्ती हाय.”

ती आत आली.

आर्डर पक्की झाली, लग्नाला अजून महिना होता. आणलेले गिलास लग्नवाल्यांना दाखवायला त्यानं ठेवून घेतले. घेऊ का, असं भीत भीत विचारलं, कारण अक्कानं ओतलेले आहेत हे मी त्याला सांगितलं होतं. घे म्हणालो. तिनं ते पेटवायलाच केले होते, कपाटात मांडायला नाही. घरी पेटवलेला एक अर्धा माझ्याकडं राहिला, तेवढा पुरे.

संध्याकाळी तो अर्धा बाहेरच्या खोलीत लावला. काशी शेजारी गेली होती. मी आत जाऊन सुगलाच्या जागेवर, चुलीपाशी उभा राहिलो. बाहेर बसून मला कधी कळलं नव्हतं की हितं वास कसा येतो. आधी काहीच नाही. मग दारातून हळूच, जसं कुणी पदर सावरत आत यावं.

“आला,” मी म्हणालो. सांगायचं काम तिचं होतं, त्या दिवशी मी केलं.

ज्यांना घरी करायच्या आहेत त्यांच्यासाठी एकच: तेल मोजून घाला, मेण उकळवू नका, वात जाड घ्या, आणि मग पंधरा दिवस मेणबत्तीपासून लांब राहा. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे. मला स्वतःची खात्री नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नवी घाण ओतली. हात थरथरला, दोन गिलासांतलं मेण वरून वेडंवाकडं झालं. कोठी पुसली, गिलास आत बसवले, झाकण लावलं. मग काशीला हाक मारली आणि दोघांनी मिळून सुगलाचा दगडी पाटा उचलून झाकणावर ठेवला.

“दाजी, हा तर तुम्हाला एकट्याला हलत बी न्हाई. मी आज मंठाळला चाललेय. मधेच उघडून बघावं वाटलं तर?”

“तू परत कधी येणार?”

“पंधरा-वीस दिवसांनी.”

“मग चल, बस सुटायलीय,” म्हणालो आणि तिची पिशवी उचलली.